व्याख्यानातली द्वारका, नाणेघाटातला वासुदेव आणि पुराव्याचा प्रश्न

मुरबाडकर (ठाणे, घोडबंदर रस्ता)

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गीता जयंतीचं व्याख्यान झालं. विषय होता, महाभारत आता विज्ञानानेही मान्य केलं. खुर्च्या कमी पडल्या, लोक मागे उभे होते. समुद्राखालच्या द्वारकेचे फोटो झाले, खंबातच्या आखातातलं साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं लाकूड झालं, नासाने टिपलेला रामसेतू झाला, आणि शेवटी ताऱ्यांच्या सॉफ्टवेअरने काढलेली युद्धाची तारीख, इ.स.पू. ५५६१. टाळ्या थांबेनात.

माझी भाची बारावीला आहे. तिने हात वर करून विचारलं, "लाकूड साडेनऊ हजार वर्षांचं, युद्ध साडेसात हजार वर्षांपूर्वीचं आणि द्वारका तुम्ही साडेतीन हजार वर्षांची म्हणालात. मग कृष्ण नक्की कधीचा?" वक्ते म्हणाले, शंका घेणाऱ्याचं आजवर कधी भलं झालेलं नाही. पोरगी खाली बसली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मी माळकरी आहे. वडील कीर्तनकार होते. तरीही, खरं तर म्हणूनच, मला ते व्याख्यान सहन झालं नाही. पोथी किती जुनी, पूजा किती जुनी आणि तो माणूस होऊन गेला का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावून चालत नाही.

आमच्या मुरबाडचंच घ्या. वैशाखऱ्याहून चढून नाणेघाटात गेलात की माथ्यावर सातवाहनांचं लेणं आहे. आतल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत नागणिका राणीचा लेख आहे. तिने केलेल्या यज्ञांची आणि दान दिलेल्या हजारो गाईंची यादी त्यात आहे, आणि सुरुवातीच्या वंदनात संकर्षण आणि वासुदेव यांची नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणहून जुन्नरला जाणाऱ्या वाटेवर वासुदेवाला नमस्कार होत होता! हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. पण या लेखावरून पूजेचं वय कळतं, कृष्णाची जन्मतारीख कळत नाही. मला ते पुरतं. तुम्हाला काय वाटतं?

सीवूड्सची आजी

मुरबाडकर, लेकराला असं गप्प करणं चूकच. त्यात मी वक्त्यांची बाजू घेणार नाही. पण बाकीचं मला पटलेलं नाही.

माझा नातू शाळेतून येऊन सांगतो, "आजी, रामायण-महाभारत मिथक आहे, म्हणजे खोटं." आपल्याकडे महाभारताला इतिहास म्हणतात. इति ह आस, असं असं झालं. हजारो वर्षं लोकांनी ज्याला इतिहास म्हटलं त्याला एका शब्दात खोटं ठरवायचा अधिकार कुणी दिला? ग्रीक महाकाव्यातल्या ट्रॉय शहरालाही कवीची कल्पनाच म्हणत होते. १८७० नंतर तुर्कस्तानात हिसारलिकला खणलं तेव्हा खाली शहरावर शहरं निघाली.

आपल्याकडेही निघालं आहे. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी १९५० ते ५२ मध्ये हस्तिनापूर खणलं. करड्या रंगाच्या चित्रित भांड्यांची वस्ती मिळाली आणि तिच्यावर गंगेच्या पुराचा थर. पुराणांत काय लिहिलं आहे? परीक्षिताच्या वंशातल्या निचक्षूच्या वेळी गंगेने हस्तिनापूर वाहून नेलं आणि त्याने राजधानी कौशांबीला हलवली. हा योगायोग म्हणायचा का?

आणि तारखा काही आजच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलेल्या नाहीत. कर्नाटकात ऐहोळेला जैन मंदिरावर रविकीर्तीचा लेख आहे, शके ५५६ चा, म्हणजे इ.स. ६३४. भारतयुद्धाला ३७३५ वर्षं झाली असं त्यात चक्क कोरलेलं आहे.

नौपाड्याचा नास्तिक

आजी, दावा करील त्याने पुरावा द्यावा, एवढं साधं आहे. कृष्णाच्या हयातीतली एक वीट, एक नाणं, एक लेख नाही. म्हणजे असा माणूस झालाच नाही. पुराच्या थराखाली भांडी सापडली, त्यावर "अर्जुन" लिहिलेलं नव्हतं. आणि मुरबाडकर, तुम्ही मधल्या वाटेने जाताय. श्रद्धा पण ठेवायची आणि पुराव्याचंही बोलायचं, हे जमत नाही.

लॅबवाला, तुर्भे

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली. धर्मावर मी बोलणार नाही, नमुन्यावर बोलतो.

आमच्याकडे ड्रममधून सॅम्पल कुणी, कुठून, किती वाजता काढलं याची नोंद नसेल तर मी रिपोर्टवर सही करत नसे. मशीन कितीही चांगलं असो. खंबातच्या लाकडाचं तेच झालं. ते समुद्रतळ खरवडून वर आणलेल्या गाळात मिळालं. २००२ च्या सुरुवातीला त्याची जाहीर घोषणा झाली. लाकडाचं वय बरोबर असेलही. मेलेल्या लाकडातला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो, ते गणित पक्कं आहे. पण ते लाकूड कुठल्या भिंतीतलं, कुठल्या चुलीतलं? की जंगलातलं झाड नदीने वाहून आणलं? त्या आखातात भरती-ओहोटीचा जोर इतका की गाळ सतत हलत असतो. लाकडाचं वय कळलं, शहराचं नाही. दगडाचं वय तर कार्बनने निघतच नाही. द्वारकेच्या पाण्यात सापडलेल्या जहाजांच्या तीन भोकांच्या दगडी नांगरांचंही हेच. ते कोणत्या थरातले ते ठरवता येत नाही, आणि तसे नांगर आपल्या किनाऱ्यावर मध्ययुगातही वापरात होते.

नासाच्या फोटोबद्दल नासानेच सांगितलं होतं की आकाशातून घेतलेल्या चित्रावरून ती रांग माणसाने रचली का, हे सांगता येत नाही.

आता सॉफ्टवेअर. आकाश मागे फिरवण्याचं काम ते चोख करतं. पण त्याला खाऊ काय घालता? महाभारतातच एके ठिकाणी शनी रोहिणीला पीडा देतो आहे आणि भीष्मपर्वात थोडं पुढे गेलात की तोच शनी गुरूबरोबर विशाखेजवळ आहे. रोहिणी वृषभेत, विशाखा तुळ-वृश्चिकात. आकाशाची जवळजवळ दोन टोकं. मग अभ्यासक त्यातला एक श्लोक धरतो, दुसऱ्याला रूपक म्हणतो, आणि हवं ते साल येतं. म्हणून कुणाचं ५५६१ येतं, कुणाचं ३०६७. अडीच हजार वर्षांचा फरक! माझ्या हाताखालच्या पोराने असं रीडिंग आणलं असतं तर मी म्हटलं असतं, आधी पद्धत तपास, आकडा नंतर सांग.

नास्तिक साहेब, तुमचंही एक तपासून घ्या. "मोजता आलं नाही" याचा अर्थ आम्ही "शून्य आहे" असा लिहीत नव्हतो. उपकरणाची मर्यादा लिहीत होतो.

नौपाड्याचा नास्तिक

ठीक. "झालाच नाही" हे मागे घेतो. "झाला याचा समकालीन पुरावा नाही" असं वाचा.

ऐरोली, सेक्टर ३

आमच्या घरी तथागतांचा फोटो आहे आणि शेजारी बाबासाहेबांचा, म्हणून लिहितो. बुद्धांबद्दल लोक म्हणतात, तुमचं बरं, तुमच्याकडे खांब आहे. आहे. लुंबिनीचा अशोकस्तंभ १८९६ मध्ये उजेडात आला. "इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले" असं त्यावर आहे आणि गावाचा कर कमी केल्याचंही. मला ती कराची ओळ फार मोलाची वाटते. सरकारी महसूल कुणी कल्पनेसाठी सोडत नाही, निदान त्या राजाची खात्री होती एवढं कळतं.

पण तो खांबही बुद्धांच्या नंतर किमान दीडशे वर्षांनी उभा राहिला. महापरिनिर्वाण इ.स.पू. ४८३ चं की ४०० च्या आसपासचं, यावर अभ्यासक अजून भांडतात.

यापेक्षा महत्त्वाचं सांगतो. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी बघून सिद्धार्थाने घर सोडलं ही गोष्ट बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण पाहिलं नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण पुढे ठेवलं. ज्या धम्मात लाखो लोकांना घेऊन गेले, त्यातलीच सर्वांत लाडकी गोष्ट तपासून बाजूला ठेवली. आम्ही काही कमी झालो नाही.

चरईकर

आम्हा ख्रिस्ती लोकांतलं एक. येशूला गुंडाळलं होतं ते वस्त्र म्हणून इटलीत तुरिनला एक कापड आहे. १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी त्याचा तुकडा तपासला, साल आलं १२६० ते १३९० च्या दरम्यानचं. त्यावर वाद अजून चालू आहेत. पण तपासायला तुकडा चर्चनेच कापून दिला होता, हे मला आवडतं. येशू नावाचा माणूस होता आणि पिलाताने त्याला मारलं, हे रोमन इतिहासकार टॅसिटसनेही लिहिलं आहे. तिसऱ्या दिवशी उठला हे मात्र कुठली लॅब सांगणार? ते मी ईस्टरला चर्चमध्ये प्रार्थनेत म्हणतो.

सीवूड्सची आजी

लॅबवाले भाऊ, शनीचं मला माहीत नव्हतं. पोथी काढून बघते.

पण ऐरोलीकर दादांना विचारते. दीडशे वर्षांनंतरचा खांब तुम्ही धरता, आणि ऐहोळेचा लेख मात्र उशिराचा म्हणून सोडायचा? छांदोग्य उपनिषदात घोर आंगिरसाचा शिष्य देवकीपुत्र कृष्ण आहे. विदिशेला ग्रीक राजदूत हेलिओदोरसाने वासुदेवासाठी गरुडध्वज उभारला, तोही ख्रिस्तापूर्वी शंभर-सव्वाशे वर्षं. परदेशी माणूस भागवत झाला! एवढ्या दिशांनी एकच नाव येतं तेव्हा मुळात काहीतरी असणारच ना?

मुरबाडकर (ठाणे, घोडबंदर रस्ता)

आजी, काहीतरी असणार, हे मीही मानतो. देवकीपुत्राचा उल्लेख तर मला फार जवळचा आहे. पण ऐहोळेचा लेख घटनेनंतर ३७३५ वर्षांनी लिहिल्याचं स्वतःच सांगतो. सातव्या शतकातले विद्वान काय मानत होते, याचा तो उत्तम पुरावा आहे. दीडशे वर्षं आणि पावणेचार हजार वर्षं एका मापाने कशी मोजायची?

आणि तुमच्या हस्तिनापूरचं बघा. पुराचा थर लाल यांनी इ.स.पू. ८०० च्या आसपास ठेवला आणि त्यावरून मागे मोजत युद्ध साधारण ९०० च्या सुमाराला. म्हणजे निचक्षूचा पूर धरलात तर ऐहोळेच्या हिशोबाने येणारं इ.स.पू. ३१०२ ही जातं आणि सॉफ्टवेअरचं ५५६१ ही जातं. दोन्ही हातांत ठेवता येत नाहीत. आमच्या हॉलमध्ये मात्र दोन्ही एकामागोमाग दाखवलं आणि दोन्हींवर टाळ्या घेतल्या. पोरीने विचारलं ते एवढंच.

माझ्या वडिलांचं सांगतो. द्रौपदीच्या वस्त्रहरणाचं आख्यान ते लावायचे तेव्हा बायका डोळ्यांना पदर लावायच्या. कल्याणच्या एका मास्तरांनी त्यांना सांगितलं की भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भाग मूळ संहितेत घेतलेला नाही, खाली तळटीपेत गेला आहे. १९१९ ते १९६६, सत्तेचाळीस वर्षं सुकथनकर आणि त्यांच्या मागच्या पंडितांनी बाराशेहून जास्त हस्तलिखितं ओळीला ओळ लावून पाहिली. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ती गोष्टही परिशिष्टात गेली. ही माणसं काही देवाधर्माची वैरी नव्हती. वडील पुण्याला जाऊन तो खंड बघून आले. पुढच्या कीर्तनात त्यांनी निरूपणात सांगितलं, "जुन्या पोथ्यांत हा धावा नाही. नंतरच्या कुणीतरी, जिला सभेत कुणीच वाचवत नाही अशा बाईसाठी, तो घातला. मी तो म्हणणार आहे." आणि म्हटला. लोक तेवढेच रडले.

एकनाथांनीही शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला होता. पाठ तपासणं ही आपल्याकडे भक्तीच होती.

नौपाड्याचा नास्तिक

वडील मोठे होते तुमचे. पण त्यांच्यासारखे किती? "घडलं" एवढंच ऐकून हॉलमधून बाहेर पडणारे दोनशे आणि तळटीप बघायला पुण्याला जाणारा एक. म्हणून मी शाळेत स्पष्ट सांगावं या मताचा आहे. पुराव्याच्या नावाखाली उद्या कुठल्याही टेकडीवर कुणीही हक्क सांगेल.

मुरबाडकर (ठाणे, घोडबंदर रस्ता)

सांगावं, पण "मिथक म्हणजे खोटं" असं नको. अंबरनाथला न्या मुलांना. गावात आजही म्हणतात, देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. देवळावर शिलालेख आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला, शके ९८२, म्हणजे १०६०. आणि त्या सालातही गंमत आहे. अभ्यासक भाऊ दाजी लाडांनी आधी ते ७८२ वाचलं होतं. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या भगवानलाल इंद्रजींनी ९८२ असं दुरुस्त केलं. एका अंकाने दोनशे वर्षं सरकली. मुलांना दोन्ही सांगता येतं, पांडवही आणि मुम्मुणीही, आणि आपल्या गुरूचं वाचन दुरुस्त करणारा शिष्यही. माझ्या भाचीला मी परवा हेच सांगितलं.

सीवूड्सची आजी

पोथी काढली. भीष्मपर्वात दोन्ही श्लोक आहेत, लॅबवाले भाऊ बरोबर आहेत. आधी रोहिणी, पुढे विशाखा. रात्री नातवाला वाचून दाखवले. तो म्हणाला, आजी, मग यातलं खरं कुठलं? मला सांगता आलं नाही.

हस्तिनापूर मी सोडणार नाही. पण पुढच्या महिन्यात तेच वक्ते आमच्या सेक्टरच्या मंडळात येणार आहेत. पहिल्या रांगेत बसते. मुरबाडकर, तुमची भाची येणार असेल तर तिला घेऊन या. शनीचं मी विचारीन, माझ्या वयाच्या बाईला कुणी खाली बस म्हणणार नाही. कृष्ण कधीचा, हे तिने पुन्हा विचारावं.