लकव्याचा झटका: आधी सीटी की थेट एमआरआय?

घाटमाथा:
लकव्याचा पेशंट आला की इमर्जन्सीत आधी डोक्याचा साधा सीटी काढतात. तो बऱ्याचदा 'नॉर्मल' येतो आणि मग एमआरआय सांगतात. एमआरआयमध्ये जास्त दिसतं तर थेट तोच का नाही? दुहेरी खर्च कशाला?

न्यूरोवॉर्ड:
कारण पहिल्या तासात प्रश्न एकच असतो: मेंदूत रक्तस्राव आहे का? ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं आणि स्कॅन काही मिनिटांत आटोपतो. रक्तस्राव नसेल आणि लक्षणं सुरू होऊन साडेचार तास झाले नसतील, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. अल्टेप्लेस असेल तर वजनाच्या दर किलोला ०.९ मिग्रॅ, कमाल ९० मिग्रॅ. त्यातलं १० टक्के मिनिटभरात, बाकीचं तासाभरात. रक्तस्राव असताना हेच दिलं तर जिवावर बेततं. तेव्हा तो 'नॉर्मल' सीटी वाया गेलेला नसतो, उलट त्याच्याच भरवशावर इंजेक्शन लागतं. मोठी नस (रक्तवाहिनी) बंद असल्याचा संशय असेल तर त्याच टेबलावर डाय देऊन सीटी अँजिओही, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, होते. नसेतून गुठळी ओढून काढायची का, ते तिच्यावरून कळतं.

घाटमाथा:
आणि सकाळी उठल्यावरच हात लुळा पडलेला दिसला तर? वेळ कुठून मोजायची?

टेस्ला_दीड:
शेवटचं धडधाकट पाहिलं तिथून, म्हणजे बहुतेकदा रात्री झोपल्यापासून. इथे मात्र एमआरआयला तोड नाही. रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगतात, पाण्याची हालचाल अडते आणि एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात (ते ही हालचालच दाखवतं) तो भाग काही मिनिटांतच चमकतो. फ्लेअर या एमआरआयच्याच दुसऱ्या चित्रात उमटायला काही तास लागतात. डिफ्यूजनवर आहे, फ्लेअरवर नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. फक्त एडीसी नकाशा (पाण्याची हालचाल मोजून काढलेलं चित्र) सोबत बघा: तिथे तो भाग काळा नसेल तर ती चमक जुन्या डागाचीही असू शकते.

लहान मेंदू आणि ब्रेनस्टेममध्येही (मेंदूच्या देठात) सीटी कमी पडतो, आजूबाजूच्या जाड हाडांच्या रेघा चित्रात येतात. पण तिथला बारीक झटका पहिल्या दिवशी डिफ्यूजनलाही हुकू शकतो. लक्षणं ठळक असतील तर रिपोर्टपेक्षा तपासणीवर भरवसा ठेवावा.

अडचण वेळेची. मशीन मोकळं असलं तरी डिफ्यूजन, फ्लेअर, रक्तस्राव दाखवणारं एसडब्ल्यूआय चित्र आणि डायशिवायची अँजिओ धरून १५-२० मिनिटं जातात, आणि पेशंट हलला की चित्र पुसट. शिवाय एमआरआयमध्ये मोठं चुंबक असतं, म्हणून शरीरात धातू किंवा यंत्र आहे का ते आधी सांगावं लागतं. बोलता न येणाऱ्या पेशंटची ही माहिती नातेवाइकांनीच द्यायची: पेसमेकर, मेंदूतल्या नसेची क्लिप, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र), ग्राइंडिंगच्या कामात डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण. गुडघ्याचा सांधा किंवा हृदयातला स्टेंट सहसा चालतो. पेसमेकरचं कार्ड घरी असेल तर कुणालातरी लगेच आणायला पाठवा. काही मॉडेल चालतात, पण कार्डाशिवाय टेक्निशियन आत घेत नाही.