ग्राउंडच्या आधी आठवडाभर पळणं बंद? मला नाही पटत

चौथा राउंड:
पोलीस भरतीच्या ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख आली की आमच्या मैदानावर दोन तऱ्हा दिसतात. काही पोरं रोज सोळाशे मीटर मारून टायमिंग बघतात. तो खुळेपणा आहे, त्यावर वाद नको. बाकीची 'आता पाय राखायचे' म्हणत आठ दिवस घरी बसतात. माझं भांडण यांच्याशी. पळणं घटवा, पण वेग सोडू नका.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला १९९२ सालचा प्रयोग बघा. मध्यम पल्ल्याचे ९ मुरलेले धावपटू. प्रत्येकाने तीन तऱ्हेचे आठवडे काढले: एकात नुसती विश्रांती, एकात सावकाश पळणं, एकात ५०० मीटरच्या जोरदार फेऱ्या, पहिल्या दिवशी पाच आणि पुढे घटवत. मग १५०० मीटर शर्यतीच्या वेगाने दम संपेपर्यंत पळवलं. फेऱ्यांच्या आठवड्यानंतर गडी २२ टक्के जास्त वेळ टिकले. विश्रांतीच्या आठवड्यानं काहीच हाती लागलं नाही.

नडगीवाला:
२२ टक्के वाचून पोरं हरखतील. तो थकेपर्यंतचा वेळ आहे, शर्यतीचा नाही. सोळाशेला ५ मिनिटं ३० सेकंद घेणारा काही ४:१७ मारणार नाही. आणि ते ९ जण मुरलेले. आमची पोरं दिवसभर पार्सलं पोचवतात, पहाटे डांबरावर पळतात, नडगीला बोट लावलं तरी ओरडतात. त्यांना आधी झोपू द्या. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला गडी, इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर. त्यानं ६ मे १९५४ ला मैल ३:५९.४ मध्ये काढला, तेव्हा शेवटचे पाच दिवस तो पळालाच नव्हता.

चौथा राउंड:
त्या पाच दिवसांच्या मागे ४४० यार्डांच्या दहा-दहा फेऱ्यांचे कित्येक महिने होते, ते का गाळता? आणि ४:१७ चं मी म्हटलंच नाही. शर्यतीत दोन टक्के सुधारले तरी ५:३० वाल्याचे साडेसहा सेकंद वाचतात. ग्राउंडच्या ५० पैकी २० गुण सोळाशेचे आहेत, दादा.

आठशेवाली:
मागच्या वेळी सरांच्या सांगण्यावरून मी आठ दिवस बसले. आठशे मीटरचा पहिला राउंड इतका हलका गेला की मीच घाबरले. दुसऱ्याच्या निम्म्यात छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. पण आदली रात्र एसटीत गेली होती आणि पहाट मैदानाबाहेरच्या रांगेत. त्याचा हिशोब कुठे धरायचा?

नडगीवाला:
ताई, पहिला राउंड हलका गेला म्हणजे पाय ताजे होते. विश्रांती लागू पडली. सुरुवात अंगाबाहेर काढलीत, म्हणून दम फुटला.

चौथा राउंड:
अहो, मग माझंच म्हणणं झालं की! आठ दिवस वेग अंगात नसला की ताज्या पायांना अंदाज राहत नाही. शेवटच्या आठवड्यात एक दिवसाआड शर्यतीच्या वेगाने दोनशे मीटरच्या चार-पाच फेऱ्या मारा, मध्ये भरपूर चाला, घरी जा. एकूण पळणं निम्म्यावर आणा. दम लागायच्या आत सराव संपला पाहिजे.

रात्रपाळी:
आणि पावसानं तारीख पुढे गेली तर? मी असंच सात दिवस घटवत आणलं आणि आदल्या संध्याकाळी मेसेज आला. पुढचे दहा दिवस ना धड सराव, ना धड आराम.

चौथा राउंड:
लगेच नेहमीच्या सरावावर यायचं, नव्या तारखेच्या आठवडाभर आधी परत घटवायचं. मनाला त्रास होतो, कबूल.

नडगीवाला:
ज्यांचे पाय धड आहेत त्यांच्यापुरतं मान्य. नडगी सुजलेल्या पोराला मात्र मी एकही दोनशे मारू देणार नाही. मग ग्राउंड परवा असो नाहीतर उद्या.