हेलीन चक्रीवादळानंतर आईला फेमाचं (अमेरिकन सरकारची आपत्ती-मदत संस्था) ‘नॉट एलिजिबल’ पत्र आलंय, पुढे काय करायचं?

समीर_एनजे: मंडळी, आई ८३ वर्षांची, फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला एकटी राहते, सिटिझन आहे. हेलीनच्या वेळी शेजाऱ्यांनी तिला आधीच शेल्टरला नेलं म्हणून वाचली, घरात गुडघाभर पाणी. वॉकर, कमोडची खुर्ची गेली, कानाच्या मशीनची डबी चिखलात सापडली. मी इथून ऑनलाइन अर्ज भरला, ७५० डॉलर लगेच आले, पण बाकीच्यासाठी पत्र आलं ‘नॉट एलिजिबल’. आई म्हणते राहू दे रे, सरकारपुढे कशाला हात पसरायचे. आणि मशीन चालत नाही त्यामुळे तिला फोनवर धड ऐकूही येत नाही.

कोकणी_मावशी: अरे घाबरू नकोस, ते पत्र शेवटच्या पानापर्यंत वाच, कारण आत कुठेतरी लिहिलेलं असतं. माझ्या सासूबाईंनाही हेच आलं होतं आणि चूक आमचीच, विम्याचं सेटलमेंट लेटर जोडायचं राहिलेलं. विमा जे देतो ते फेमा परत देत नाही, म्हणून विम्याने काय दिलं काय नाकारलं ते कागदावर लागतं. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील कर, प्रत्येक पानावर अर्जाचा नंबर टाक. आणि आईच्या सहीचं संमतीपत्र आधी पाठव, नाहीतर तिच्या केसबद्दल तुझ्याशी बोलणारच नाहीत. आईला सांग हे कर्ज नाही, फेडायचं नाही, सोशल सिक्युरिटीलाही (सरकारी पेन्शन) धक्का लागत नाही.

केसवर्कर_ह्यूस्टन: अर्जात डिसॅबिलिटीचा प्रश्न असतो, तिथे काय भरलंस? आपली माणसं हमखास ‘नाही’ भरतात, आई कुठे अपंग आहे म्हणून, अरे पण वॉकरशिवाय बाथरूमला जाता येत नाही तर मग काय! वॉकर आणि कमोड चेअर मेडिकेअरकडे (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) माग, वादळात गेलेलं सामान बदलून मिळू शकतं. कानाचं मशीन ओरिजिनल मेडिकेअरमध्ये बसत नाही, ते फेमाच्या अपिलात टाक, सोबत डॉक्टरचं पत्र आणि नव्या मशीनचं एस्टिमेट. फेमाची हेल्पलाइन ८००-६२१-३३६२. नुकसान बघायला येणारा फेमाचा इन्स्पेक्टर अनोळखी नंबरवरून फोन करतो, तो उचलायलाच हवा, त्यामुळे कॉन्टॅक्टला तुझा नंबर दे. पैसे मागितले तर तो इन्स्पेक्टर नाही, सरळ फोन ठेव.

टॅम्पाकर: थोडं अवांतर, पण कोणाचे आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेले असतील तर त्यांना स्वतःच्या नावावर रोख मदत मिळत नाही. शेल्टर, जेवण, पाणी मात्र मिळतं, तिथे जायला बिचकू नका.

समीर_एनजे: अर्ज उघडून बघितला, डिसॅबिलिटीला मीच ‘नाही’ टिक केलंय 🤦 विम्याचं लेटरही जोडलेलं नाही. आज रात्री बसतो.

केसवर्कर_ह्यूस्टन: त्या मशीनचा फोटो काढून ठेव हां, टाकलं नाही ना?

समीर_एनजे: शेजारच्या काकूंना विचारलं. आईने डबी उघडून खिडकीत उन्हाला ठेवलीये, तिला वाटतंय वाळलं की चालेल.