येशू झालाच नाही म्हणता? मग एकेक मुद्दा घ्या

काळी माती, दिग्रस
तालुक्याच्या गटावर कालपासून एक मजकूर फिरून राहिला. त्यात म्हटलंय की येशू नावाचा माणूस झालाच नाही, बायबल रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहानं 325 साली नायसियाच्या धर्मसभेत मतदान घेऊन ठरवलं, येशू क्रुसावर न मरता काश्मिरात येऊन म्हातारा होऊन मेला, आणि इकडचे ख्रिस्ती म्हणजे तांदळासाठी बाटलेले. झालाच नाही तो काश्मिरात मेला कसा, एवढं तरी पुढं पाठवणाऱ्यांनी पाहावं न राजेहो.

टॅसिटस हा रोमी इतिहासकार. ख्रिस्ती लोकांचा त्याला तिटकारा. इसवी सन 116च्या सुमारास तो लिहितो, की तिबिर्य बादशहाच्या कारकिर्दीत पंतय पिलात या रोमी सुभेदारानं ख्रिस्ताला देहदंड दिला. जोसेफस हा यहुदी. 93-94च्या सुमाराच्या ग्रंथात तो याकोबाची ओळख 'ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' अशी करून देतो. त्याच ग्रंथाच्या 18व्या भागातला येशूवरचा लांब उतारा मी पुरावा म्हणून मांडत नाही, कारण त्यात ख्रिस्ती नकलकारांनी नंतर भर घातली. आपल्या बाजूच्या लोकांनीही तो उतारा मिरवणं सोडावं, तिथंच आपण पकडले जातो. पौल हा पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक. गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो, की तो यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याच्याकडं पंधरा दिवस राहिला आणि येशूच्या भावाला भेटला. न झालेल्या माणसाच्या भावाला कोणी भेटत नसते.

नायसियात भांडण होतं अरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीचं. पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा की निर्माण केलेला, एवढा तो वाद. पुस्तकांची यादी तिथं ठरलीच नाही. नव्या कराराची आजची 27 पुस्तकं जशीच्या तशी दिसतात ती बिशप अथनासियसच्या 367च्या पत्रात, म्हणजे नायसियानंतर 42 वर्षांनी. आणि शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी पुस्तकं, चारच, हे बिशप इरेनियस 180च्या सुमारास, बादशहा कॉन्स्टंटाईनचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी, ठासून सांगतो.

येशू तरुणपणी इकडं आला, ही गोष्ट नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाची. 1894 साली त्यानं पुस्तक काढलं, की लडाखच्या हेमिस मठात येशूचं चरित्र वाचून दाखवलं गेलं. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले. मठाच्या मुख्य लामानं सांगितलं, असा ग्रंथच इथं नाही. तरी सव्वाशे वर्षं लोक तेच उगाळतात.

विवेकवाट, वर्धा
येशू होऊन गेला, हे मान्य. तो मजकूर टाकाऊ होता, तेही मान्य. पण माणूस होऊन गेला एवढ्यानं तो मेलेल्यातून उठला हे सिद्ध होत नाही, आणि तुम्ही त्या मुद्द्याला हातच लावला नाही. कबरेपाशी मत्तयात दोन बाया, मार्कात तीन, योहानात एकटी मग्दालीया मरीया. देवदूत कुठं एक, कुठं दोन. दर्शन कुठं गालीलात, कुठं यरुशलेमेत. मार्काच्या 16व्या अध्यायातल्या शेवटच्या 12 ओव्या सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या पोथ्यांत नाहीतच. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट जुन्या पोथ्यांत नाही. 'ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा' हे वाक्य अर्धा महाराष्ट्र म्हणतो, आणि ते मूळ योहानात नव्हतंच. मग 'देवाचं वचन जसंच्या तसं' हे कोणत्या तोंडानं सांगता?

काळी माती, दिग्रस
मार्काच्या त्या ओव्या नंतरच्या, कबूल. त्या बाईची गोष्टही मूळ योहानातली नसावी, कबूल. पण हे उघड केलं कोणी? पोथ्या शेजारी शेजारी ठेवून ताडणाऱ्यांनी, आणि त्यातले बहुतेक ख्रिस्तीच. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांवर आहेत म्हणून कुठं काय घुसलं ते दिसते. एकच पोथी उरली असती तर कोणालाच पत्ता लागला नसता. छापील मराठी पवित्र शास्त्रातही या भागांपाशी कंस नाहीतर तळटीप असते, वाचणारे ती ओलांडून जातात.

बायांचं म्हणाल तर योहान 20:2 पुन्हा वाचा. मरीया एकटी धावत येते आणि म्हणते, 'त्याला कुठं ठेवलं हे आम्हांला ठाऊक नाही.' आम्हांला! म्हणजे सोबत बाकीच्या होत्या, योहानानं एकीचंच नाव घेतलं. गालील आणि यरुशलेम मात्र जुळवणं अवघड आहे, ते मी ओढूनताणून जुळवत नाही.

माझा भर करिंथकरांच्या पहिल्या पत्रावर, 15व्या अध्यायावर. पत्र 55च्या सुमाराचं. तिथं पौल स्वतःचं नाही, त्याला मिळालेलं सांगतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, बारा शिष्यांना दिसला, याकोबाला दिसला. म्हणजे हे सांगणं पत्राच्याही आधीचं, क्रुसानंतर थोड्याच वर्षांतलं. दंतकथा मुरायला इतका थोडा वेळ पुरत नाही.

विवेकवाट, वर्धा
दंतकथेला पिढी लागते हे कोणी सांगितलं? एका हंगामात गावोगाव बाबा उभे राहतात. यादी जुनी आहे, लवकरची आहे, हे मी मानतो. त्यातून 'त्यांना दिसलं असं त्यांना वाटलं' इतकंच निघते. पुढची उडी तुमच्या श्रद्धेची.

काळी माती, दिग्रस
उडी आहे, पण आंधळी नाही. आधी विरोधात असलेला पौल आणि घरचा असून न मानणारा याकोब, दोघंही का फिरले, याचं उत्तर तुमच्याकडूनही यायला पाहिजे.

निळी पहाट, पुलगाव
श्रीनगरच्या रोझाबलबद्दल थोडं. तिथं कबर आहे ती युझ आसफची. ती येशूची, हे म्हटलं अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी, 1899 साली लिहिलेल्या पुस्तकात. पण 'युझ आसफ' हे नाव 'बोधिसत्त्व' शब्दाचं घासत आलेलं रूप आहे, बुदासफ, युदासफ असं. तीच बुद्धाची कथा पुढं युरोपात जोसाफट नावानं गेली आणि रोमन कॅथलिकांच्या संतांच्या यादीत 27 नोव्हेंबरला जाऊन बसली. म्हणजे काश्मिरात येशू शोधणाऱ्यांना सापडला तो आमचा बोधिसत्त्व. हे दोन्हीकडच्यांनी लक्षात ठेवावं.

वऱ्हाडी गडी, दर्यापूर
पोथ्या-बिथ्या ठेवा बाजूले. तांदळाचा मुद्दा कोणी घेतलाच नाही. मिशनऱ्यायच्या कामाची चौकशी कराले नियोगी समिती काहून बसली मग? 1954 ले नेमली, 1956 ले अहवाल आला. नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती होते अध्यक्ष. विदर्भ तवा मध्यप्रदेशातच होता. शाळा, दवाखाना, कर्ज दाखवून धर्म बदलवते, असं छापील आहे त्यात.

मंडळीतला एक, अचलपूर
अहवाल छापील आहे तसा 1950चा राष्ट्रपतींचा आदेशही छापील आहे. परिच्छेद 3 वाचा. अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की सवलत गेली. 1956 ला शिखांना दिली, 1990 ला बौद्धांना दिली, ख्रिस्ती आजही बाहेर. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा, सगळं सोडून कोणी पोतंभर तांदळासाठी येते का? कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढत होते तवा कोठाऱ्याच्या दवाखान्यात त्याची जखम धुणाऱ्यानं तांदूळ तोलला होता का? एवढा अपमान रोज ऐकायचा नाही आम्ही.

निळी पहाट, पुलगाव
1990 पर्यंत केंद्राच्या सवलतीत आम्हा बौद्धांचीही तीच गत होती, म्हणून हा मुद्दा बरोबर आहे म्हणतो. पण अर्धाच आहे. अनुसूचित जमातीला ती अट नाही, कोरकू किंवा गोंड ख्रिस्ती झाला तरी सवलत राहते. मेळघाटाचं उत्तर वेगळं द्यावं लागेल. आणि बाबासाहेबांनी 1956 ला नागपुरात ख्रिस्ती धर्म का घेतला नाही, त्याचं एक कारण चर्चच्या बाकांवरही जात बसली होती. त्यावर तुमच्या मंडळीत कोणी बोलत नाही.

मंडळीतला एक, अचलपूर
बसली होती. काही ठिकाणी अजून बसली आहे. लग्नं ठरवताना दिसते.

विवेकवाट, वर्धा
तांदूळ सोडा, खरं आमिष आज चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करतो म्हणणाऱ्या सभेत आहे. मंडप, ध्वनिक्षेपक, व्यासपीठावर साक्ष: 'सिकलसेल गेला, गोळ्या फेकल्या.' ख्रिस्ती श्रद्धेवरचा सगळ्यात मोठा आक्षेप नायसिया नाही, हा आहे. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा भगताला लागतो तसा पास्टरलाही लागतो.

वैनगंगा, आरमोरी
सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर बोलायलाच पाहिजे, कारण फसगत कशी होते ते लोकांना कळत नाही. कळ उठते आणि बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप ओसरते. तिसऱ्या दिवशी सभा असली की श्रेय सभेला. आजार तिथंच असतो. त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया या गोळीचा गुण यायला काही महिने लागतात, आणि बंद केली तर त्रास त्याच दिवशी उठत नाही, काही आठवड्यांनी उठतो. तोवर साक्ष देऊन झालेली असते. दुसरी चूक चाचणीची. सोल्युबिलिटी चाचणीत फक्त 'आहे' एवढंच कळते. वाहक (आजाराचा एकच जनुक असलेला) की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचण्या केल्याशिवाय कळत नाही. वाहकाला सहसा त्रास नसतोच. तो 'बरा झालो' म्हणतो, तो आजारीच नव्हता. आणि दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणाला चारात एक धोका तसाच, प्रार्थना झाली म्हणून तो कमी होत नाही. रुग्ण पोराला ताप आला की मंडपात नाही, दवाखान्यात न्या.

मंडळीतला एक, अचलपूर
प्रार्थनेवर उठसूट बोट ठेवता! भुमक्याकडं, म्हणजे आदिवासी गावातल्या वैदूकडं, पोराच्या पोटावर तापल्या विळ्याचा डंबा (चटका) देतात तवा तुमच्या अंधश्रद्धाविरोधी समितीचे लोक मेळघाटात किती वेळा चढले? आम्ही कोणाला भाजत तर नाही.

विवेकवाट, वर्धा
डंब्याविरुद्धही बोलतो, चटके बंद व्हायलाच पाहिजेत. पण भाजत नाही म्हणून औषध सोडवणं माफ होत नाही. त्या कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून अडवणं हा गुन्हा सरळ लिहिलाय.

वैनगंगा, आरमोरी
सापाचं निघालं म्हणून सांगते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज नाही, दुखणं नाही. पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होतात. त्या दोन-चार तासांत घरी प्रार्थना चालली, भगत चालला, सारखंच नुकसान. घोणस असली तर रक्त गोठत नाही. दवाखान्यात कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलि रक्त घेतात, 20 मिनिटं न हलवता ठेवतात, मग तिरपी करून पाहतात. प्लास्टिकची नळी घेतली किंवा मधेच हलवली की निकाल चुकतो. प्रतिविषाच्या पहिल्या खेपेला साधारण 8 ते 10 कुप्या. प्रार्थना गाडीत बसून करा, गाडी थांबवू नका.

काळी माती, दिग्रस
इथं मी विवेकवाटांच्या बाजूनं आहे, आणि शास्त्रातूनच आहे. याकोब 5:14 मध्ये आजाऱ्यानं मंडळीच्या वडीलजनांना घरी बोलवायचं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करायची. मंडप नाही, वर्गणी नाही, ध्वनिक्षेपक नाही. सोबती त्रफिमाला पौलानं मिलेत गावात आजारीच ठेवलं, दुसरं तीमथ्य 4:20. पौल स्वतःच्या त्रासाला 'शरीरातला काटा' म्हणतो, तो तीनदा मागूनही निघाला नाही. लूक स्वतः वैद्य. मग 'विश्वास कमी पडला म्हणून बरा झाला नाहीस' असं आजारी पोराच्या आईला सांगणारा पास्टर कोणत्या पानावरून सांगतो?

वऱ्हाडी गडी, दर्यापूर
हे बरं बोलले. आता एवढं सांगा. 2017 ले फवारणी करता करता यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले. पाठीवर पंप, उन्हात, दोनशे-तीनशे रुपये रोजीवर. तुमचा देव तवा कुठं होता? विश्वास कमी होता का त्यायचा?

काळी माती, दिग्रस
नाही. लूक 13:4, शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली. येशू विचारतो, ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटते का? आणि स्वतःच म्हणतो, नाही. मेलेल्यांच्या माथी पाप मारायची सोय त्यानं काढून घेतली. दुःखात पडलेल्या ईयोबाला मित्रांनी 'तुझंच काही चुकलं असेल' म्हटलं, तर शेवटी देव मित्रांवर रागावतो. 88वं स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची ओळ नाही, तरी ते ग्रंथात ठेवलंय. 'का' याचं उत्तर माझ्याकडं नाही. जो देव मी मानतो तो स्वतः क्रुसावर 'मला का सोडलंस' म्हणून ओरडला, तेवढंच माझ्याकडं आहे.

वऱ्हाडी गडी, दर्यापूर
उत्तर नाही म्हणता हे आवडलं. पटलं नाही.

मंडळीतला एक, अचलपूर
मी चंगाई हा शब्द सोडणार नाही. देव बरं करतो, हे मी मानतो. पण येत्या सभेत प्रार्थनेच्या आधी 'कोणाच्याही गोळ्या बंद होणार नाहीत, साप चावलेल्याला इथं आणू नका' हे ध्वनिक्षेपकावरून सांगायला मी पाळकांना लावतो. वैनगंगाताई, सिकलसेलचं ते वाहक आणि रुग्णाचं सोप्या मराठीत अर्ध्या पानात लिहून द्या. जमलं तर कोरकूतही.

वैनगंगा, आरमोरी
मराठीत आज रात्री देते. कोरकूतलं धारणीकडच्या कोणाकडून तपासून घ्या, 'वाहक'ला तिकडं कोणता शब्द समजतो ते आधी विचारा.