प्रति: फेझंटसाठी स्वस्तातली शॉटगन

अमेरिकेत वर्षातून एखाद-दोनदाच फेझंटच्या (कोंबडीच्या जातीचा रानपक्षी) शिकारीला जायचं असेल तर स्वस्तातली शॉटगन विचारल्यावर इथे कुणीतरी सुचवलेली सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) कशाला? पंप-अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची पकड मागे-पुढे करून काडतूस भरायची, मॅव्हरिक ८८ बघा. मॉसबर्ग कंपनीच्या ५०० या बंदुकीचीच धाकटी बहीण. फक्त सेफ्टी (चुकून बार उडू नये म्हणूनचा खटका) ट्रिगरजवळ आडव्या बटणाची, डावखुऱ्यांना जरा अडचणीची. १२ गेज (नळीच्या व्यासाचं माप) घ्या, काडतुसं कुठेही मिळतात. मॉडिफाइड चोक (नळीच्या तोंडाशी मध्यम आवळ), ५ किंवा ६ नंबरच्या आकाराचे छर्रे, झालं. मात्र खांद्याला लावून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. दस्ता अंगाला बसला नाही तर महागडी बंदूकही काही कामाची नाही. बदकांवरही जाणार असाल तर शिशाचे छर्रे चालत नाहीत, १९९१ पासून अमेरिकाभर बंदी आहे. आणि हो, एच-१बी व्हिसावर असाल तर आधी शिकारीचा परवाना काढा, मगच बंदुकीला हात लावा.