कंपनी गेली, मागे घराने काय फेडलं? तुमचे अनुभव लिहा

उंबराखालची
रविवारी भाच्याबरोबर चिंचवडला सँपल फ्लॅट बघायला गेले होते. गाडीतून उतरल्यावर जागा ओळखूच आली नाही. मग कोपऱ्यातला उंबर दिसला आणि मी तिथेच थबकले. त्या उंबराखाली आमच्या बाबांच्या कंपनीचं सायकल स्टँड होतं. सेल्सचा मुलगा भाच्याला सांगत होता, "टायटल एकदम क्लिअर आहे सर, पूर्वी इथे काहीच नव्हतं."

त्याचा काही दोष नाही, विशीतलं पोर. पण मला रात्रभर झोप लागली नाही.

काहीच नव्हतं? तीन पाळ्यांत अकराशे माणसं होती. खंडेनवमीला मशिनांना झेंडूचे हार घालायचे, आम्ही पोरं नवे कपडे घालून आत जायचो, बाबा त्यांचं लेथ दाखवायचे आणि परत येताना पेढे आणि एखादा स्टीलचा डबा मिळायचा. आमच्या घरातले अर्धे डबे कंपनीचेच आहेत. १९९६ मध्ये पगार आधी उशिरा, मग अर्धा, मग नाहीच. कंपनी बंद झाली असं कुणी कधी जाहीर केलं नाही. विजेचं बिल थकवलं, लाइन कापली गेली आणि एका सोमवारी गेटला कुलूप. मालकांचा परराज्यातला नवा कारखाना तोवर चालू झाला होता.

मला पगाराबद्दल लिहायचं नाहीये खरं तर. कामगारांची पतपेढी होती. ताईच्या लग्नासाठी बाबांनी कर्ज काढलं, जामीन राहिले शेजारचे काका. दोघं एकाच खात्यात, एकाच चाळीत, एकाच सायकलवर डबलसीट. हप्ता पगारातून कापला जायचा. शेवटचे आठ महिने कंपनीने हप्ता कापला, पण पतपेढीत भरलाच नाही! पगाराच्या स्लिपवर कपात, पतपेढीच्या वहीत थकबाकी. कुलूप लागल्यावर नोटिसा निघाल्या, कर्जदाराला आणि जामीनदारालाही. वीसेक हजाराची रक्कम असेल. त्या नोटिशीनंतर काकांचं दार आम्हाला बंद झालं. आई आणि काकू एकाच नळावर पाणी भरायच्या, पण एक शब्द बोलायच्या नाहीत. माझ्या लग्नाला ते घर आलं नाही.

कारखान्यासाठी घेतलेली ती जमीन पुढे 'आय टू आर', म्हणजे औद्योगिकची निवासी झाली. तिचे पैसे कुणाला मिळाले ते मला माहीत आहे. काकांना आणि बाबांना नाही मिळाले.

तुमच्याकडे असं काही झालंय का? नफा वरच्यांनी नेला आणि किंमत नात्यांनी, शेजाऱ्यांनी, पोराबाळांनी भरली, असं? छोटं असलं तरी लिहा.

पहिलीपाळी
ताई, उंबर वाचून काटा आला अंगावर. आमचे वडील भोसरीला. तेच साल, तशीच वीज. डब्यांवर कंपनीचं नाव कोरलंय, आई अजून त्यातच डाळ ठेवते. नंतर सविस्तर लिहितो, गाडी लागलीये.

हिशेबनीस
मी अशाच एका पगारदार पतसंस्थेत २७ वर्षं कारकून होतो, म्हणून लिहितो. सहकारी संस्था कायदा १९६०, कलम ४९. सभासदाने लिहून दिलेलं असेल तर मालकाने पगारातून हप्ता कापून संस्थेत भरायचा. कापला आणि भरला नाही तर ती जबाबदारी मालकाची. कायदा स्पष्ट आहे. पण कुलूप लागलेल्या गेटवर वसुली कशी करणार? डायरेक्टर मुंबईला, खाती रिकामी. संस्थेला ठेवीदारांचे पैसे परत करायचे असतात, ते ठेवीदारही कामगारच. मग कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो तो हाताशी सापडेल त्याच्यावर, म्हणजे जामीनदारावर. त्या नोटिसा मी स्वतः टाइप केल्यात. ज्यांच्याबरोबर दुपारचा डबा खाल्ला त्यांची नावं होती त्यात. तुमच्या काकांच्या जागी मीही दार लावलं असतं, आणि बाबांच्या जागी असतो तर मलाही मान वर करता आली नसती.

उंबराखालची
हिशेबनीस काका, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी समजत होते कंपनी बुडाल्यामुळे पैसे राहिले. कापून ठेवून घेतले होते हे कळत होतं, पण त्याला कायद्यात कलम आहे हे नाही.

चाकणफाटा
आमच्याकडे कंपनी बंद पडत नाही, जोरात चालते. तरी तीच गत. वय २९, आयटीआय फिटर, सहावी कंपनी. सात महिने झाले की ब्रेक. कारण २४० दिवस भरले की वर्षाची सलग नोकरी धरतात आणि मग काढताना नोटीस द्या, भरपाई द्या. म्हणून २४० च्या आत बाहेर. मग दुसरा ठेकेदार, नवीन गेटपास, परत मेडिकल, परत 'ट्रेनी'. मधली दोन वर्षं 'नीम' या सरकारी प्रशिक्षण योजनेत होतो. शिकाऊ म्हणून ना पीएफ ना ईएसआयचा आजारपणाचा विमा, काम मात्र परमनंटच्या शेजारी त्याच लाइनवर. त्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा हातात.

स्थळं येतात. पहिला प्रश्न, परमनंट आहे का. तिथेच चहा संपतो. आमच्या रूमवर आम्ही सहा जण, सगळे तिशीला टेकलेले, एकाचंही जमलेलं नाही. गावाकडे आई नवस बोलतीये. नवस कंपनीच्या एचआरला बोलायला पाहिजे.

सहकारनगरची मावशी
अरे बाळा. मुलीकडच्यांचं तरी काय चुकतं, त्यांनाही पोरीचा विचार. पण सहाच्या सहा जण हे वाचून वाईट वाटलं. शिक्षण, गाव, उंची मला निरोपात कळव. माझ्या नणंदेची मुलगी नर्स आहे, तिचीही नोकरी कंत्राटीच, निदान एकमेकांना समजून तरी घ्याल.

पहिलीपाळी
मावशी थेट मुद्द्याला!! दादा, उंची लवकर कळव.

रात्रीचेदोन
लिहू का नको असं चार दिवस चाललंय. लिहितो.

हिंजवडीत १७ वर्षं. मी काढला गेलो ते नंतर. आधी मी यादी केली होती. टीममध्ये १४ जण, तीन नावं द्या म्हणाले, तीही दोन दिवसांत. कंपनीला त्या तिमाहीत तोटा नव्हता, फायदाच होता, ठरवलेल्यापेक्षा थोडा कमी इतकंच. मी कुणाची नावं दिली असतील? जे भांडणार नाहीत त्यांची. एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून येऊन दोन महिने झाले होते, तिचं रेटिंग आपोआपच खाली होतं. ते नाव मी दिलं. छोट्या मीटिंग रूममध्ये तिच्यासमोर मीच बसलो होतो, एचआर बोलत होती, "आत्ता राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल." लॅपटॉप तिथेच काढून घेतला. तिने मला फक्त विचारलं, "सर, कॅबने घरी जाऊ शकते ना आज?"

दीड वर्षाने माझं नाव माझ्या साहेबाने दिलं. मला त्याचा राग येत नाही. तिची माफी मागायचीये, पण नंबर शोधून लावायचं धाडस होत नाही.

उंबराखालची
दादा, लिहिलंत ते बरं केलंत. बाकी काय बोलू कळत नाही.

कोथरूडची
नंबर लावा. ती फोन ठेवेल, शिव्या देईल, काहीही करेल. तरी लावा.

वाकडपूल
इथे वाचणाऱ्या आयटीवाल्यांना एकच सांगतो. दबावाखाली त्याच बैठकीत राजीनाम्यावर सही करू नका. विचार करून सांगतो म्हणा, घरी जा, जे बोलणं झालं ते लगेच ईमेलवर लिहून पाठवा. वाकडेवाडीला कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार देता येते. तुम्ही कायद्याने 'कामगार' आहात की नाही यावर वाद घालतील, घालू द्या. पदाच्या नावावर नाही, प्रत्यक्ष काय काम करता त्यावर ते ठरतं.

नानापेठ
माझे आजोबा भुसार बाजारात हमाल. क्विंटलची पोती पाठीवर. लिहिता येत नव्हतं, अंगठा. पण बाबा आढावांची हमाल पंचायत होती, १९६९ चा माथाडी कायदा झाला होता. मंडळात नोंद, हजेरी, मजुरीवर व्यापाऱ्याकडून लेव्ही म्हणजे वरची टक्केवारी, त्यातून पीएफ, बोनस, सुट्टीचा पगार. व्यापारी रोज वेगळा असला तरी हिशेब मंडळात. म्हातारपणी आजोबांनी त्या पैशांतून गावी दोन खोल्या बांधल्या.

मी बीकॉम. पाठीवर चौकोनी बॅग, दहा मिनिटांत दूध पोचवतो. मला कामगार म्हणत नाहीत, पार्टनर म्हणतात. भागीदार! पेट्रोल माझं, गाडी माझी, पडलो तर हात माझा. गेल्या पावसाळ्यात लुल्लानगरच्या उतारावर घसरलो, मनगट मोडलं. सपोर्टला फोन केला तर पहिला प्रश्न, ऑर्डरचं काय झालं. तीन आठवडे लॉगिन केलं नाही म्हणून आयडीच बंद. बोलायचं कुणाशी? समोर माणूसच नाही. आजोबा निदान पेढीच्या पायरीवर बसून शेटला अडवू शकायचे.

आजी विचारते, तुमची पंचायत कुठे बसते रे?

चाकणफाटा
भावा मनगट बरं आहे का आता?

नानापेठ
थंडीत दुखतं. चालवतोय.

हिशेबनीस
२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द पहिल्यांदा आला, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे असंही त्यात आहे. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. माथाडी मंडळाची कल्पना महाराष्ट्राची, आणि आपण मागे. याचा मला फार राग येतो.

कोथरूडची
नानापेठ, हमाल पंचायतीचं 'कष्टाची भाकर' आठवलं तुमच्यामुळे. १९७४ पासून आहे ते. आम्ही कॉलेजात असताना परीक्षेच्या दिवसांत तिथेच जेवायचो. झुणका अजून तसाच असतो का?

नानापेठ
तसाच. भाकरी गरम हवी असेल तर बाराच्या आत जा.

पहिलीपाळी
या शनिवारी जमूया का तिथे? मावशी, नर्सताईंनाही आणा.

सहकारनगरची मावशी
तू आधी भोसरीचं लिही, कधीचं 'नंतर लिहितो' चाललंय.

टँकर नंबर ३
उंड्री. २०१७ ला ताबा. ब्रोशरवर स्विमिंग पूल होता, नळाला पाणी नाही. महापालिकेचं पाणी येईपर्यंत बिल्डर देईल असं हमीपत्र असतं, ते त्याने लिहून दिलं आणि सोसायटी हस्तांतरित करून मोकळा झाला. उन्हाळ्यात दिवसाला १४ टँकर. आम्ही मेंटेनन्समधून भरतो, रडतो, पण भरतो. टँकर भरतात त्या विहिरीशेजारच्या वस्तीतल्या बायका मात्र आता हापसा सोडून अर्धा किलोमीटर लांब जातात. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्यातल्याच. त्यांच्या वस्तीतलं पाणी माझ्या टाकीत येतं, त्यांचा उशीर होतो आणि मी त्यांना उशिरा आल्याबद्दल बोलते. हे मला परवा भांडी घासायला त्यांच्या शेजारी उभी राहिले तेव्हा कळलं. त्यांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

अरण्येश्वर
पाणी म्हटलं की आम्हाला २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबिल ओढा. ओढ्याचं पात्र दोन्हीकडून आवळून बांधकामं उभी राहिली, पाण्याला जागाच ठेवली नाही, मग ते घरात आलं. आमची रिक्षा वाहून गेली. माणसं वाचली आमच्याकडची, सगळ्यांची नाही वाचली. जास्त लिहवत नाही.

दुष्काळीमाण
दुसरी बाजूही सांगतो, रागावू नका. माझ्या वडिलांना १९७२ च्या दुष्काळानंतर पिंपरीच्या कंपनीनेच वाचवलं. खडी फोडत होते, हजेरीबुकावर आले. घर, शिक्षण, सगळं त्या पगारावर. कंपन्या नसत्या तर आम्ही कुठे असतो?

उंबराखालची
रागवायचं कशाला, आमचंही तेच. बाबा कंपनीला कधी वाईट बोलले नाहीत. लेथवर हात ठेवून नमस्कार करायचे. म्हणून तर ते आठ हप्ते जास्त लागतात मनाला.

हिशेबनीस
आणि त्या काळी १०० किंवा जास्त कामगार असतील तर बंद करायला सरकारची परवानगी लागायची, म्हणून तुमच्याकडे 'बंद' न म्हणता वीज तोडू दिली. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा ३०० झाली आहे. आता २९९ पर्यंत इतकाही खटाटोप करावा लागणार नाही.

पहिलीपाळी
भोसरीचं लिहायला बसलो होतो. वडिलांना वाचून दाखवलं वरचं सगळं. त्यांना कायम पेन्शन १,००० रुपये, ईपीएस म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन योजना. त्यांनी फक्त विचारलं, "लेथ कुठल्या मेकचं होतं?" ताई, सांगाल का?

उंबराखालची
दादा, मेक नाही माहीत, आईला विचारते म्हणाले आणि विचारलं. मेक तिलाही माहीत नाही. पण सगळा धागा तिला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, वीस हजार नाही, बावीस हजार चारशे. त्यातले अकरा हजार काकांनी भरले, काकूंच्या पाटल्या मोडून. दार त्यांनी नव्हतं लावलं. बाबांनीच तिकडे जाणं सोडलं, परत करायला पैसे नव्हते म्हणून. आणि माझ्या लग्नाची पत्रिका त्यांना दिलीच नव्हती.

काकू आता मुलाकडे रावेतला असतात म्हणे. आईने पत्ता कागदावर लिहून फ्रिजवर लावलाय.