फ्लाइटगिअरमध्ये कोल्हापूर विमानतळ करायचाय, सुरुवात कुठून करू?

उजळाईवाडीकर
नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, फ्लाइटगिअर हा फुकट, मुक्त विमान-सिम्युलेटर बरेच दिवस उडवतोय. परवा गोव्याहून सेसना घेऊन कोल्हापूरला उतरलो. धावपट्टी आहे, पण तिच्या शेजारी नावाला एक इमारत नाही. मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेलं दगडी कमानींचं टर्मिनल तर सोडाच, गोकुळ शिरगावची एमआयडीसीसुद्धा नुसतं हिरवं रान. म्हटलं, दुसरं कोण करणार, आपणच करू.
पायथन थोडंफार येतं, सी++ परीक्षेपुरतं, त्रिमितीय मॉडेल करायचं ब्लेंडर यूट्यूबवर बघून शिकतोय. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कुठलं काम आधी घेऊ? आणि गूगल अर्थमधले फोटो कापून भिंतींना चिकटवले तर चालतात का?

नकाशेवाला
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही चालत. फ्लाइटगिअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, आणि अधिकृत सीनरीत (जमीन, इमारती वगैरे देखाव्यात) जाणारी प्रत्येक गोष्ट त्या परवान्याशी जुळणारी लागते. गूगलचं चित्र भिंतीला लावलं, किंवा त्यावरून इमारतीचा आराखडा गिरवला, तरी मॉडेल परत येणार. घरी स्वतःपुरतं काय करायचं ते करा, पण पाठवू नका.
गिरवायचंच असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच भरलेल्या मुक्त नकाशावर, गिरवा. तिथे बिंगची उपग्रहचित्रं गिरवायची रीतसर परवानगी आहे. फ्लाइटगिअरच्या स्वयंसेवकांनी ओएसएमटूसिटी नावाचं साधन केलंय. ते ओपनस्ट्रीटमॅपमधल्या इमारतींच्या बाह्यरेषा उचलतं आणि त्यांना भिंती, छपरं लावून शहर उभं करतं. मजल्यांची संख्या भरली असेल तर उंचीही बऱ्यापैकी बसते. आपल्याकडची अडचण अशी की बऱ्याच गावांत इमारती नकाशावर भरलेल्याच नाहीत, मग साधन तरी काय उभं करणार? गोकुळ शिरगावच्या शेडा गिरवायला ब्लेंडरही लागत नाही, सी++ही नाही. आणि तो नकाशा फ्लाइटगिअरच्या बाहेरही कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडतो.

सीप्लसप्लस_काका
मी थोडं उलट सांगतो. सीनरीवर सगळेच उड्या मारतात, गाभ्याच्या कोडवर काम करणारे हात कमी. हा प्रकल्प १९९६ च्या एका प्रस्तावातून सुरू झाला, १९९७ पासून कोड चालू स्थितीत आहे. इतकं जुनं सी++ वाचायला मिळणं ही इंजिनीअरिंगच्या पोराला पर्वणी आहे. मेकॅनिकलवाला असशील तर जेएसबीसिम बघ, विमान हवेत कसं वागेल ते मोजणारा भाग. विमानाचे उचल, ओढ, आघूर्ण यांचे गुणांक एक्सएमएल फाइलीत तक्त्यांनी द्यायचे आणि विमान त्याप्रमाणे वागतं. त्याच कामाचं दुसरं वायसिम, तिथे पंखांची लांबी-रुंदी, वजन, वेग असे आकडे दिले की बाकीचं गणित ते स्वतः जुळवतं. कॉलेजच्या प्रोजेक्टलाही चालून जाईल.
कंपाइल करायला उबुंटूवर तयार स्क्रिप्ट आहे. फक्त डेटाची रिपॉझिटरी काही जीबींची आहे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढू नकोस.

टेक्स्चरवाली
काका, त्याला विमानतळ करायचाय, तुम्ही त्याला गुणांकांत कुठे ढकलताय :)
उजळाईवाडीकर, मी सीनरीची मॉडेल्स करते, तेवढ्यापुरतं सांगते. अख्खा विमानतळ डोक्यातून काढ. पहिलं मॉडेल पाण्याच्या टाकीचं किंवा हँगरचं कर. टर्मिनल नंतर. त्या कमानी ब्लेंडरमध्ये एकेक कोरायला गेलास तर तुझाच लॅपटॉप आधी बसेल. कमानी टेक्स्चरमध्ये, म्हणजे भिंतीवर चिकटवायच्या चित्रात, दाखवायच्या, भिंत सपाट ठेवायची. हवेतून कुणाला कळत नाही.
मॉडेल ब्लेंडरमधून एसी३डी या फाइल-स्वरूपात निर्यात करायचं. टेक्स्चरची मापं दोनच्या घातात, ५१२, १०२४ अशी. सगळ्या भिंती आणि छप्पर मिळून एकच चित्र वापर. जमिनीला टेकणारा तळाचा पृष्ठभाग काढून टाक, तो कधी दिसतच नाही. पण भिंती मीटरभर जमिनीखाली उतरव, कारण सीनरीतली जमीन आणि खरी जमीन तंतोतंत जुळत नाही, उतारावर इमारत एका कडेनं तरंगते. उंचीची माहिती मुख्यतः २००० सालच्या एसआरटीएम या शटल मोहिमेतली आहे, साधारण ९० मीटरला एक बिंदू. पन्हाळ्याचे कडे त्यामुळेच घासून गुळगुळीत केल्यासारखे दिसतात.
विंडसॉक, टाक्या, मनोरे असल्या गोष्टी सामायिक मॉडेलांच्या संग्रहात तयार आहेत, त्या पुन्हा करू नकोस.
जागेवर ठेवायला ‘यूएफओ’ नावाचं विमान निवड. त्यानं हवं तिथे तरंगता येतं, जमिनीवर क्लिक केलं की वस्तू तिथे बसते, फिरवता येते, आणि शेवटी तिची ओळ कन्सोलवर छापून मिळते. कुठली वस्तू कुठे ठेवायची हे सांगणाऱ्या एसटीजी फाइलीत ती ओळ जाते: मॉडेलचं नाव, मग रेखांश, मग अक्षांश, मग समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये, मग दिशा. रेखांश आधी हे लक्षात ठेव. कोल्हापूर साधारण ७४.३ पूर्व, १६.७ उत्तर. हे उलटं लिहिलं की तुझं हँगर नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात! दिशेचा कोनही होकायंत्राप्रमाणे मोजत नाहीत, म्हणून हातानं लिहिण्यापेक्षा यूएफओ बरं. तुझ्या चौकटीचा, म्हणजे सीनरीच्या तुझ्या तुकड्याचा, फोल्डर ई०७०एन१० च्या आत ई०७४एन१६ हा.

पुणेरी_पायलट
एवढा खटाटोप कशाला? मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उपग्रहचित्रांसकट अख्खी पृथ्वी आयती मिळते की.

टेक्स्चरवाली
मिळते ना. त्याच्या लॅपटॉपवर चालवून दाखवा.

उजळाईवाडीकर
😂 पायलटसाहेब, माझ्या लॅपटॉपवर ते सुरू होईपर्यंत खरं विमान मुंबईला पोचेल.
ताई, खूप आभार, एवढं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं. अजून एक. धावपट्टी मधल्या काळात वाढवलीय, सिम्युलेटरमध्ये मात्र जुनीच वाटते. ती एसटीजीतून बदलता येईल का? आणि टेक्स्चरसाठी फोटो विमानतळावर जाऊन काढू का?

सीप्लसप्लस_काका
धावपट्टी एसटीजीतून नाही बदलत. विमानतळाचे आराखडे एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरच्या सीनरी गेटवे या संकेतस्थळावरून येतात, तेही जीपीएलखालीच. वर्ल्डएडिटर नावाचं फुकट साधन उतरवून घे, त्यात व्हीएकेपी (कोल्हापूर विमानतळाचा कोड) उघड, धावपट्टी, टॅक्सीवे, एप्रन (विमानं उभी करायची जागा) नीट कर आणि गेटवेवर पाठव. त्याचा फायदा दोन्ही सिम्युलेटरांना.
पण पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी दिसलं असं होणार नाही. फ्लाइटगिअरमध्ये धावपट्टी जमिनीच्या जाळीत कापून बसवलेली असते, ती चौकट पुन्हा बांधली जाईल तेव्हाच बदल दिसतो. घाई असेल तर जमीन बांधणारी टेरागिअरची साधनं वापरून स्वतःची चौकट स्वतः बांधता येते: उंचीचे तुकडे करायचे, जीनॅप्ट्स८५० नं विमानतळ तयार करायचा, मग सगळं एकत्र जोडायचं. टेरागिअर कंपाइल करणं मात्र डोकेदुखी आहे. लायब्ररींची भांडणं सोडवण्यातच संध्याकाळ जाते. मी तुझ्या जागी असतो तर आराखडा पाठवून गप्प बसलो असतो.
आणि क्रम महत्त्वाचा. धावपट्टी बदलली की एप्रनही सरकतं. आधी आराखडा, मग इमारती.

नकाशेवाला
फोटोचं मी सांगतो. भारतात विमानतळावरच्या छायाचित्रणावर नियम आहेत. प्रवासी म्हणून गेलात तरी सूचनाफलक वाचा, सुरक्षा तपासणीच्या जागी तर फोन खिशातच ठेवा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, दाभोळीला नौदलाचा आयएनएस हंसा. उद्या पुणे-गोवा करायची हुक्की आली तर तिथे कॅमेरा काढूच नका, आणि लष्करी भागाचं मॉडेलही नको. कोल्हापुरात टर्मिनलचा दर्शनी भाग बाहेरच्या रस्त्यावरून दिसतो, तेवढा पुरे. तोही आधी तिथल्या माणसाला विचारून.
दगडाचं टेक्स्चर हवंय ना? मग विमानतळ कशाला, गावात काळ्या दगडाच्या भिंती काय कमी आहेत? ढगाळ दिवशी, समोरून, सावली न पडता काढा. फोटो तुमचा, परवाना तुमचा, कटकट नाही.

भर_दुपारी
विषय निघालाच आहे म्हणून: जुहूचं कुणी केलंय का? मुंबईच्या ०९ आणि जुहूच्या ०८ या धावपट्ट्या जवळपास समांतर आहेत. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ समजून जुहूलाच उतरलं होतं. आजूबाजूच्या इमारती नीट असतील तर सिम्युलेटरमध्ये तो घोळ कसा होऊ शकतो ते बघायला मजा येईल.

टेक्स्चरवाली
वेगळा धागा काढा, मी येते. तिथे ओएसएमटूसिटीचा खरा कस लागेल.
उजळाईवाडीकर, पाठवताना एका वेळी एकच मॉडेल पाठव. तपासणारेही आपल्यासारखेच, नोकरी सांभाळून रात्री बसणारे लोक. अर्जात फोटो कुणाचा, आराखडा कुठून घेतला हे न विचारता लिहून टाक. उत्तराला वेळ लागला तर आठवण कर, पण रोज नको.

उजळाईवाडीकर
ठरलं मग. वर्ल्डएडिटर उतरवून घेतलंय, या सुट्टीत धावपट्टी आणि एप्रन. तोवर एमआयडीसीच्या शेडा ओपनस्ट्रीटमॅपवर रोज थोड्या थोड्या. काका, जेएसबीसिमचं सातव्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टला विचारतो, सरांना पटलं तर तुम्हाला त्रास द्यायला येईनच.
ताई, पाण्याच्या टाकीला पायऱ्या दाखवायच्या की नाही?

टेक्स्चरवाली
नाही. टेक्स्चरमध्ये.